बंड, फितुरी की धर्मत्याग? शेवटच्या काळाबद्दलच्या एका ग्रीक शब्दाची गोष्ट

थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीत अफवा पसरली होती की प्रभूचा दिवस, म्हणजे येशू परत येऊन न्याय करण्याचा दिवस, आला. येणार आहे असं नव्हे; आलाच. ही बातमी कुठून उठली? आत्म्याने कोणाला काही सांगितलं, कोणी भाषणात बोललं, की त्यांना शिकवून गेलेला प्रेषित पौल, त्याच्या नावावर कोणी खोटं पत्रच खपवलं? पौलालाही नक्की कळलेलं दिसत नाही. मंडळीला पाठवलेल्या पत्रात तो तिन्ही शक्यता एका दमात लिहून टाकतो आणि सांगतो, एवढ्यात गडबडून जाऊ नका.

साल साधारण इ.स. ५०-५१. शहर म्हणजे आजच्या ग्रीसमधलं थेसालोनिकी. तेव्हाही ते मोठं बंदर होतं आणि एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे जाणारा रोमन राजमार्ग तिथूनच जायचा, त्यामुळे मालाबरोबर अफवाही झपाट्याने पोचायच्या. पौल तिथे फार दिवस राहिलेला नव्हता. यहुद्यांच्या सभास्थानात तीन शब्बाथ, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या तीन शनिवारी, बोलला, काहींना पटलं, मग जमावाने दंगा केला. यासोन नावाच्या त्याच्या यजमानाला नगराधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं, आणि पौलाला रातोरात शहर सोडावं लागलं. आरोप काय, तर हे लोक कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, हुकमाविरुद्ध वागतात, येशू नावाचा दुसराच राजा आहे म्हणतात. थोडक्यात, बंडखोर आहेत. हा आरोप लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर मंडळी नवखी, शिकवणारा परागंदा, आणि वर ही अफवा. त्याच पत्रात पुढे आणखी एक तक्रार येते: काही जण काम करेनासे झालेत, नुसते लोकांच्या भानगडीत नाक खुपसत फिरतात. काम नको तर जेवणही नको, हा जगभर वापरला जाणारा टोमणा मूळचा इथला. अफवेचा आणि कामचुकारपणाचा संबंध पत्रात सरळ सांगितलेला नाही, पण बऱ्याच अभ्यासकांनी तो जोडला आहे. जग उद्याच संपणार असेल तर आज दुकान कशाला उघडायचं?

या घाबरलेल्या लोकांना धीर देण्यासाठी पौलाने जे लिहिलं, त्यातून ख्रिस्ती भविष्यवाणीतलं एक मोठं कोडं जन्माला आलं. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दहा-बारा ओळी. माझ्या शब्दांत सांगायचं तर: तो दिवस एवढ्यात येणार नाही, कारण आधी दोन गोष्टी व्हायच्या आहेत. एक, ‘ते बंड’. दोन, अनीतिमान पुरुष, नाशाचा पुत्र, प्रकट होणं. हा माणूस जे जे म्हणून देव मानलं जातं त्या सगळ्यांच्या वर स्वतःला ठेवील, देवाच्या मंदिरात जाऊन बसेल आणि मीच देव म्हणेल. सध्या त्याला काहीतरी अडवून धरतंय. काय ते तुम्हाला माहीत आहेच. अनीतीचं गूढ आताही आतल्या आत काम करतंय. अडवणारा बाजूला झाला की तो उघड होईल, आणि मग प्रभू येशू तोंडच्या फुंकरीने त्याचा निकाल लावील.

‘तुम्हाला माहीत आहेच’ हे वाक्य दोन हजार वर्षं लोकांना छळतंय. पौल पुढे असंही म्हणतो की मी तुमच्याकडे होतो तेव्हा हे सगळं सांगितलं होतं, आठवत नाही का? त्यांना आठवत असेल. आपण तिथे नव्हतो. शेजारच्या घरातलं फोनवरचं बोलणं भिंतीआडून ऐकावं तशी आपली गत आहे. एक बाजू ऐकू येते, तीही मधूनच. आणि त्यावर लोकांनी जगाच्या अंताची वेळापत्रकं मांडली.

या लेखात मी सगळं कोडं सोडवायला घेत नाही. मला त्यातला एकच शब्द धरायचा आहे: ‘बंड’. मूळ ग्रीक शब्द ‘अपोस्तासिया’.

‘अपो’ म्हणजे दूर, ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. मराठी वाचकाला हा शब्द वाटतो तितका परका नाही, कारण ग्रीक ‘अपो’ आणि संस्कृत ‘अप’ एकाच कुळातले, आणि ‘स्तासिस’मागचा धातू आपल्या ‘स्था’चा सख्खा नातलग. जिथे उभं राहायचं तिथून सरकून वेगळं उभं राहणं, एवढाच मूळ अर्थ. पण रोजच्या ग्रीकमध्ये शब्द राजकारणात वापरला जायचा. एखादं शहर राजाविरुद्ध उलटलं, एखादा सरदार फौजेसकट शत्रूला मिळाला, की झाली अपोस्तासिया. योसेफ हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार रोमविरुद्धच्या यहुदी उठावासाठी हाच शब्द वापरतो. गंमत अशी, की योसेफ स्वतः गालीलात त्या उठावाचा सेनापती होता, पकडला गेल्यावर रोमनांच्या बाजूला गेला, आणि त्याचे स्वतःचे लोक त्यालाच गद्दार म्हणत.

मराठीत नेमका प्रतिशब्द शोधायचा तर मला ‘फितुरी’ जवळचा वाटतो. बंड कोणीही करू शकतं, पण फितूर व्हायला आधी त्या गोटातलं असावं लागतं. बाहेरच्या तोफांनी गड पडला तर तो पराभव, आतून कोणी रात्री दिंडी उघडली तर ती फितुरी. मराठी ख्रिस्ती बोलण्यात ‘धर्मत्याग’, ‘विश्वासत्याग’ हे शब्द चालतात. ते बरोबर आहेत, पण त्यांत सोडून जाण्याचीच बाजू येते. उलटण्याची धार येत नाही. इंग्रजीतही हीच ओढाताण आहे. विल्यम टिंडेल या भाषांतरकाराने १५२६ च्या बायबलच्या भाषांतरात ‘निघून जाणं’ अशा अर्थाचा शब्द घेतला, १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने ‘गळून पडणं’ घेतलं, आणि १९४६ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने सरळ ‘बंड’ म्हटलं. एकाच शब्दासाठी तीन निराळ्या क्रिया. गळून पडणाऱ्याची कीव येते, निघून जाणाऱ्याचं वाईट वाटतं आणि बंडखोराचा राग येतो, म्हणून भाषांतर बदललं की प्रवचनाचा सूरही बदलतो.

यहुदी शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हा शब्द देवाविरुद्धच्या बंडासाठी येतो, आणि त्यातली यहोशवाच्या पुस्तकातली जागा मला फार आवडते. यार्देन नदीच्या पूर्वेला राहायला गेलेल्या इस्राएली वंशांनी नदीकाठी एक मोठी वेदी बांधली. पश्चिमेकडचे बाकीचे वंश खवळले: हे देवाविरुद्ध बंड आहे, चला युद्धाला. आधी शिष्टमंडळ गेलं म्हणून निभावलं. पूर्वेकडचे म्हणाले, अहो, बंडाने आम्ही हे केलं असेल तर देवच आम्हाला बघून घेवो. ही होमार्पणाची वेदी नाही, आमच्या पोराबाळांना उद्या कोणी परके म्हणू नये म्हणून बांधलेली खूण आहे. प्रकरण मिटलं. देवाविरुद्धच्या फितुरीचा आरोप बायबलात इतक्या लवकर येतो, आणि तो निव्वळ गैरसमज निघतो.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागात, हा शब्द फक्त दोनदा आहे. एकदा पौलाच्या या पत्रात. आणि दुसऱ्यांदा? प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात, खुद्द पौलावरच्या आरोपात. तो यरुशलेमला पोचतो तेव्हा तिथले वडीलधारे त्याला सांगतात, तुझ्याबद्दल लोकांच्या कानावर आलंय की तू परदेशातल्या यहुद्यांना मोशेपासून, म्हणजे मोशेने दिलेल्या नियमशास्त्रापासून, अपोस्तासिया शिकवतोस. मुलांची सुंता करू नका, रीतिभाती पाळू नका म्हणतोस. थेस्सलनीकात कैसराशी बंडखोर, यरुशलेमात मोशेशी बंडखोर. शेवटच्या काळातल्या महाबंडाबद्दल लिहिणाऱ्या माणसावर तोच शिक्का बसलेला होता. १८५७ ला कोणी ‘बंड’ म्हणालं, कोणी ‘स्वातंत्र्यसमर’. बोलणारा कुठे उभा आहे ते शब्दावरून कळतं.

आता पौलाच्या डोळ्यांपुढे चित्र कुठलं होतं ते पाहू. तो हवेतून काही काढत नव्हता. त्याच्या वाचकांपैकी ज्यांना यहुदी इतिहास माहीत होता त्यांना दोन नावं लगेच आठवली असती.

पहिलं नाव अंतियोख चौथा. सिरियाच्या गादीवरचा हा ग्रीक राजा स्वतःला ‘एपिफानेस’, म्हणजे प्रकट झालेला देव, म्हणवून घेई. इ.स.पू. १६७ मध्ये त्याने यरुशलेमच्या मंदिरातली नित्याची अर्पणं बंद पाडली, वेदी भ्रष्ट केली, सुंता आणि शब्बाथ पाळण्यावर बंदी घातली. दानीएलाच्या पुस्तकातला ‘सर्व देवांहून स्वतःला थोर मानणारा राजा’ हे त्याचंच चित्र, आणि पौलाचे शब्द त्या ओळींच्या फार जवळ जातात. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात पुढचा प्रसंग आहे. राजाची माणसं मोदीन गावात येतात. ‘अपोस्तासिया करायला लावणारी माणसं’ असंच त्यांचं वर्णन आहे. गावातल्या मत्ताथ्य नावाच्या म्हाताऱ्या याजकाला ते म्हणतात, तू मोठा माणूस, आधी तू अर्पण कर, राजाचा मित्र होशील, सोनंचांदी मिळेल. तो नकार देतो. तेवढ्यात दुसराच एक यहुदी सगळ्यांच्या देखत पुढे होतो. मत्ताथ्य त्याला वेदीवरच ठार करतो, राजाच्या माणसालाही मारतो आणि पोरांना घेऊन डोंगरात पळतो. राजाच्या दप्तरी बंडखोर कोण? मत्ताथ्य. यहुद्यांच्या लेखी? तो पुढे झालेला माणूस.

दुसरं नाव ताजं होतं. पत्र लिहिण्याच्या जेमतेम दहा वर्षं आधी, इ.स. ४० मध्ये, रोमचा सम्राट कॅलिगुला याने हुकूम सोडला की यरुशलेमच्या मंदिरात माझा पुतळा बसवा. सिरियाचा सुभेदार पेत्रोनियस पुतळा आणि पलटणी घेऊन निघाला. वाटेत हजारो यहुदी त्याला सामोरे आले. योसेफ लिहितो की त्यांनी हत्यार उचललं नाही. जमिनीवर पडून माना उघड्या केल्या आणि म्हणाले, आधी आम्हाला मारा. पेरणीचे दिवस होते आणि शेतं तशीच पडली होती. पेत्रोनियस शहाणा माणूस. त्याच्या लक्षात आलं की पेरणी चुकली तर पुढे दुष्काळ, लूटमार आणि बुडालेला महसूल. त्याने चालढकल केली आणि सम्राटाला विनवणीचं पत्र धाडलं. उत्तरात त्यालाच मरणाचा हुकूम निघाला. पण हुकूम घेऊन येणारं जहाज वादळात अडकलं, आणि कॅलिगुलाचा जानेवारी ४१ मध्ये खून झाल्याची बातमी आधी पोचली. योसेफाच्या हिशेबाने सत्तावीस दिवस आधी.

‘देवाच्या मंदिरात बसून मीच देव म्हणेल’ ही ओळ आता पुन्हा वाचा. ऐकणाऱ्यांना हे दूरच्या भविष्यातलं कल्पनाचित्र वाटलं नसावं. त्यांच्या हयातीत ते होता होता राहिलं होतं.

इथे थोडं थांबून सैतानाच्या बंडाबद्दल सांगायला हवं, कारण बरेच जण ‘देवाविरुद्ध बंड’ म्हटलं की लुसिफरपाशी पोचतात. लुसिफर हे नाव यशयाच्या चौदाव्या अध्यायाच्या लॅटिन भाषांतरातून आलंय. मूळ हिब्रूत ‘पहाटेचा तेजस्वी तारा’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि ते गाणं उघड उघड बाबेलच्या राजाची टर उडवणारं आहे: आकाशात चढून परात्पराएवढा होईन म्हणालास, आता अधोलोकात पडलास. नंतरच्या ख्रिस्ती वाचकांनी त्यात देवदूताचं पतन पाहिलं. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातला, शेपटीने आकाशातले एक तृतीयांश तारे खाली ओढणारा आणि मीखाएल या देवदूताकडून हरणारा अजगर त्याला जोडला, आणि सलग कथा तयार झाली. कथा प्रभावी आहे यात वाद नाही. पण पौल त्या पत्रात ज्या बंडाबद्दल बोलतोय ते स्वर्गात पूर्वी झालेलं नाही. ते माणसांचं आणि पुढे व्हायचं आहे. सैतान त्या पुरुषाच्या मागे उभा आहे एवढंच तो म्हणतो.

मग हे बंड करणार कोण? सगळं जग की मंडळीतलेच लोक? पौलाने ते लिहिलेलं नाही. शब्द जरी मोघम असला तरी त्याला ग्रीकमध्ये निश्चयवाचक उपपद आहे: ‘एखादं बंड’ नव्हे, ‘ते बंड’. ऐकणाऱ्यांना ओळखीचं. चौथ्या शतकाच्या अखेरचा योहान क्रिसोस्तोम हा प्रसिद्ध उपदेशक तर म्हणाला, अपोस्तासिया म्हणजे तो पुरुषच. इतक्यांना फितूर करणार म्हणून त्याचं नावच ते. ‘बंड’ या शब्दाला राजकीय अर्थाने घेणारेही आहेत. त्यांच्या मते पौल इ.स. ६६ च्या यहुदी उठावाबद्दल बोलतोय, ज्याचा शेवट ७० मध्ये मंदिर जळण्यात झाला. म्हणजे भविष्यवाणी पहिल्या शतकातच पुरी झाली. शब्दकोश त्यांच्या बाजूने आहे. पण तो पुरुष आणि त्याचा प्रभूच्या हातून होणारा शेवट त्या सालांत कुठे बसवायचा, इथे त्यांची दमछाक होते.

मला स्वतःला आतल्यांचा अर्थ जास्त पटतो, आणि त्याला कारण नव्या करारातल्या बाकीच्या आवाजांचं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल. थंड व्हायला आधी ऊब असावी लागते. योहानाच्या पहिल्या पत्रात तर ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द अनेकवचनात येतो: पुष्कळ ख्रिस्तविरोधक आताच उठलेत, आणि ते आपल्यातूनच निघाले. हा शब्द बायबलात फक्त योहानाच्या पत्रांत आहे, प्रकटीकरणात तो एकदाही येत नाही. सिनेमांतून, चर्चेतून ६६६ वाला एकच राक्षसी हुकूमशहा डोक्यात बसलेल्या वाचकाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा धक्का बसतो. ६६६ हा आकडा प्रकटीकरणातल्या श्वापदाचा. हिब्रू अक्षरांच्या किमती धरून ‘नेरोन कैसर’ची, म्हणजे रोमन सम्राट नीरोच्या नावाची, बेरीज तेवढीच येते, आणि शेवटचा न गाळला की ६१६, जो आकडा काही जुन्या प्रतींत खरंच सापडतो. बारकोडात वगैरे तो शोधू नये.

फितुरी प्रत्यक्षात कशी दिसते, याचा एक कागद उपलब्ध आहे. कागद म्हणजे इजिप्तच्या वाळूत टिकलेला पपायरस. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. त्या दाखल्यांपैकी एक असा: अलेक्झांडरचं बेट या गावचा औरेलियस दियोगेनेस, सताबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आताही आपल्यासमक्ष, हुकमाप्रमाणे, बळी दिला, पेय वाहिलं आणि नैवेद्य चाखला. खाली सही करून मिळावी ही विनंती. तारीख २६ जून २५०.

तहसील कचेरीतल्या अर्जासारखाच मजकूर. ओळखीची खूण, वय, विनंती, शिक्का. हा दियोगेनेस ख्रिस्ती होता की नाही ते कागद सांगत नाही. दाखला सगळ्यांनाच लागायचा. पण अशा कागदांपायी मंडळ्या दुभंगल्या. काही ख्रिस्ती वेदीपाशी गेले. काहींनी चिरीमिरी देऊन बळी न देताच दाखला मिळवला. काहींनी नकार दिला आणि तुरुंगात गेले. छळ ओसरल्यावर पहिल्या दोन गटांतले लोक रडत परत आले: आम्हाला पुन्हा आत घ्या. घ्यायचं का? कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त घेऊन, ज्याच्या त्याच्या गुन्ह्याप्रमाणे. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, अजिबात नाही, आणि त्याने वेगळी मंडळी काढली. आता प्रश्न पाहा. वेगळं उभं राहणं म्हणजे अपोस्तासिया, तर वेगळा कोण उभा राहिला? भीतीने वेदीपाशी गेलेला, की त्याला माफ करायला नकार देऊन चालता झालेला? सिप्रियनला नोव्हेशियनचा राग जास्त होता असं त्याचं लिखाण वाचून वाटतं.

यातून पुढे व्याख्या काटेकोर झाल्या. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: बाप्तिस्मा घेतलेल्याने ख्रिस्ती विश्वासच संपूर्ण टाकणं म्हणजे धर्मत्याग, एखादं ठरलेलं सत्य हट्टाने नाकारणं म्हणजे पाखंड, आणि पोपचं अधिपत्य नाकारणं म्हणजे फूट. शेवटच्या काळाबद्दल त्याच चर्चची अधिकृत धर्मशिकवण म्हणते की ख्रिस्ताच्या येण्याआधी चर्चला अनेकांचा विश्वास डळमळवणारी शेवटची कसोटी द्यावी लागेल, आणि सगळ्यांत मोठी फसवणूक अशी असेल की माणूस देवाच्या जागी स्वतःचाच जयजयकार करील. यात साल नाही, देश नाही, कोणाचं नाव नाही. हा सावधपणा त्यांना इतिहासाने शिकवला असावा, कारण एके काळी ते नाव त्यांचंच होतं.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी या उताऱ्याचं बोट सरळ पोपकडे वळवलं. देवाच्या मंदिरात बसलेला म्हणजे चर्चच्या आत बसलेला. बाहेरचा सुलतान नव्हे, आतला अधिपती. युक्तिवाद म्हणून तो मूळ मजकुराला बराच धरून आहे हे मान्य करायला हवं. लूथरपंथीयांनी १५३७ मध्ये आपल्या श्मालकाल्डच्या लेखांत तो मांडला, आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात ‘पापाचा पुरुष, नाशाचा पुत्र’ म्हणजे पोप असं कलमच घातलं गेलं. रोमच्या लेखी अर्थातच बंडखोर हे सुधारक. दोन्ही बाजूंच्या हातात एकच अध्याय, तोच शब्द. स्पेनमधल्या रिबेरा या जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातल्या, पंडिताने त्या शतकाच्या अखेरीस उत्तर दिलं: तो पुरुष पोप नव्हे, तो अजून यायचाच आहे, अगदी शेवटच्या थोड्या वर्षांत. आज जगभरातले, त्यात आपल्याकडचेही, अनेक प्रोटेस्टंट उपदेशक शेवटच्या काळाचं जे चित्र रंगवतात त्याची चौकट रिबेराच्या चौकटीशी बरीच जुळते. हे त्यांना सांगितलं की सहसा आवडत नाही.

गोव्यात तर या शब्दाला कायद्याची धार होती. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, कचेरी बसली आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत चालली. जुना धर्म पूर्ण न सुटलेले नवे ख्रिस्ती हे तिचं मोठं लक्ष्य. १७३६ च्या फर्मानातल्या बंदीच्या यादीत अंगणात तुळस लावणं आहे, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणंही आहे. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलाच्या मनात जगाच्या शेवटचं महाबंड होतं. मांडवीकाठी पोचेपर्यंत संशयाची नजर भाताच्या हंडीपर्यंत आली. देवाविरुद्धचं बंड ओळखण्याचं काम एखाद्या कचेरीकडे दिलं की काय होतं, याचा हा नमुना.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीच्या शिकवणीतून रॅप्चरची कल्पना पसरली, म्हणजे संकटकाळाआधीच विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेलं जाणं. १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलने ती अमेरिकेत घरोघर नेली. मग त्यातल्या काहींनी टिंडेलचा ‘निघून जाणं’ हा जुना शब्द उचलला: अपोस्तासिया म्हणजे बंड नव्हेच, ते मंडळीचं पृथ्वीवरून निघून जाणं! हा अर्थ टिकणारा नाही. त्या काळच्या ग्रीकमध्ये हा शब्द असा शारीरिक प्रस्थानासाठी सहसा वापरत नसत, आणि मोशेपासूनची अपोस्तासिया म्हणजे मोशेपासून आकाशात उड्डाण असं कोणी वाचत नाही.

राहता राहिला तो ‘अडवून धरणारा’. सहाव्या ओवीत तो नपुंसकलिंगी, सातवीत पुल्लिंगी. तेर्तुलियन हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक म्हणाला रोमन साम्राज्य, म्हणून आम्ही ख्रिस्ती साम्राज्य टिकावं अशी प्रार्थना करतो. साम्राज्य पडलं, शेवट आला नाही. कॅल्व्हिन हा सोळाव्या शतकातला सुधारक म्हणाला, सुवार्ता सगळीकडे पोचणं बाकी आहे, ती अडवते. कोणी पवित्र आत्मा म्हणतं, कोणी मीखाएल. ऑगस्टिन या महापंडिताने ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात सगळी मतं तपासली आणि लिहून टाकलं की पौलाला काय म्हणायचंय ते मला मुळीच कळत नाही, हे मी कबूल करतो. या विषयावरचं माझं सगळ्यात आवडतं वाक्य.

एक बंड मात्र अजून उरतं, आणि ते सगळ्यात चमत्कारिक. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतानाला हजार वर्षं बांधून ठेवतात. त्या काळात ख्रिस्त राज्य करतो. आणि हजार वर्षं सरल्यावर सैतानाला सोडतात. का सोडतात? ‘सोडलं पाहिजे’ एवढंच लिहिलंय. तो चारी दिशांना, गोग आणि मागोगकडे जातो, आणि समुद्राच्या वाळूइतके लोक त्याच्या मागे निघतात. हजार वर्षं खुद्द ख्रिस्ताचा अंमल पाहिल्यावर! हजार वर्षं अक्षरशः धरणारे म्हणतात, यातून दिसतं की राज्य चांगलं मिळालं म्हणून माणसाचं मन आपोआप वळत नाही. ऑगस्टिनच्या मागून जाणारे म्हणतात, हजार वर्षं म्हणजे चर्चचा सध्याचाच काळ, आणि हे बंड म्हणजे पौलाने सांगितलेलंच, दुसऱ्या चित्रात. मला दुसरं वाचन सुटसुटीत वाटतं. पण पहिल्यातला प्रश्न जास्त टोचतो.

पत्राकडे परत येतो. पौलाने घाबरलेल्या माणसांना शेवटी करायला काय सांगितलं? पळा, धान्य साठवा, ख्रिस्तविरोधक कोण ते हुडकून काढा, यातलं काहीच नाही. तिसऱ्या अध्यायात तो सांगतो की शांतपणे आपापलं काम करा आणि स्वतःची भाकर खा. मी तुमच्याकडे होतो तेव्हा कोणाचं फुकट खाल्लं नाही, रात्रंदिवस राबलो, याची आठवण करून देतो. कामचुकारांपासून जरा लांब राहा म्हणतो, पण लगेच पुस्ती जोडतो की त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून कानउघाडणी करा.

आणि मग, पत्र लेखनिकाच्या हातून लिहून झाल्यावर, बहुधा लेखणी स्वतःच्या हातात घेऊन, एक ओळ: हा सलाम मी पौल माझ्या हाताने लिहितो, प्रत्येक पत्रात ही माझी खूण असते, माझं अक्षर असं असतं. खोट्या पत्रांचा बंदोबस्त. एकोणिसाव्या शतकापासून अनेक अभ्यासक म्हणत आलेत की हे पत्रच पौलाचं नाही, त्याच्या पश्चात कोणीतरी त्याच्या नावाने लिहिलं असावं, आणि संशयाच्या कारणांत ते या ओळीकडेही बोट दाखवतात. इतकी ठासून सही कोण करतं?